पार्ट कंपनीचा की बाजारातला? आधी कुठला पार्ट ते बोलू

पत्र थोडक्यात: कराडच्या एका वाचक ताईंनी लिहिलंय. वय ४४, शाळेत शिक्षिका. पती नोकरीनिमित्त मस्कतला असतात, त्यामुळे गाडीचं सगळं त्यांनाच बघावं लागतं. २०१४ ची पेट्रोल वॅगन आर, ८८ हजार किलोमीटर झालेली. दोन महिन्यांपासून स्पीडब्रेकरवर पुढून डावीकडून खडखड येते, ब्रेक दाबला की कर्कश वाजतो. मध्यंतरी पार्किंगच्या खांबाला घासून बंपर फाटला आणि एक हेडलाइट तडकला. सर्व्हिस सेंटरने ३८,४०० रुपयांचं एस्टिमेट दिलं (त्याचा फोटो ताईंनी सोबत पाठवलाय), ओळखीच्या मिस्त्रींनी तेच काम १७,५०० मध्ये सांगितलं. दीर म्हणतात, ‘बाहेरचा पार्ट म्हणजे डुप्लिकेट, जिवाशी खेळ.’ मिस्त्री म्हणतात, ‘ताई, माल तोच, फक्त डबा वेगळा.’ गणपतीला मुलीला घेऊन कुंभार्ली घाटाने चिपळूणला माहेरी जायचंय. ताई लिहितात: ‘पैसे वाचवायला गेले आणि घाटात काही झालं, तर मी स्वतःला कधीच माफ करू शकणार नाही. पण एकदम ३८ हजार काढणंही जड जातंय. काय करू?’

ताई,

तुमच्या पत्रातले आकडे मी नंतर बघितले. आधी नजर अडकली ती ‘दोन महिन्यांपासून’ या शब्दांवर. दीर म्हणतात कंपनीचा टाका, मिस्त्री म्हणतात बाजारातला चालेल, आणि हे ठरेपर्यंत तुम्ही रोज त्याच गाडीने शाळेत जाताय. नवा पार्ट कुठला टाकायचा या काळजीत जुना, झिजलेला पार्ट गाडीत तसाच राहिला. तुम्हाला भीती आहे उद्या बसवायच्या पार्टची. मला आज बसलेल्या पार्टची जास्त वाटते.

म्हणून पुढचं वाचण्याआधी एक ठरवा. उद्या शाळा सुटली की गाडी मिस्त्रींकडे न्या, पुढची दोन्ही चाकं उतरवायला सांगा आणि ब्रेक पॅड किती उरलेत ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. लोखंडी पट्टीवर चिकटवलेला काळपट थर असतो, ते लायनिंग. नवीन पॅडवर ते साधारण दहा मिलिमीटर असतं. ते तीन मिलिमीटरच्या खाली, म्हणजे साधारण दोन नाण्यांच्या जाडीइतकंच उरलं असेल, तर गाडी तिथेच ठेवा आणि रिक्षाने घरी या. झिजून झिजून लोखंड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला लागायला आलं, की तो पॅड मुळात कुठल्या डब्यातून आला होता याला काहीच अर्थ उरत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि ती दिरांकडून आलेली दिसते: पार्ट दोनच प्रकारचे, ओरिजिनल आणि डुप्लिकेट. मी पुण्यात नाना पेठेतल्या एका सुट्या भागांच्या दुकानात सात वर्षं काउंटरवर काढली. गिऱ्हाईक ‘ओरिजिनल द्या’ म्हणालं की आमचे शेठ विचारायचे, ‘कुणाचं ओरिजिनल?’ तेव्हा मला तो प्रश्न उगाच वाटायचा. पुढे कळलं की खरा प्रश्न तोच आहे.

गाडी कंपनी गाडीतलं सगळं स्वतः बनवत नाही. बॉडी, इंजिन, गिअरबॉक्स यांचं बरंचसं काम तिच्याकडे असतं. पण ब्रेक, क्लच, शॉकअप, दिवे, बेअरिंग, फिल्टर, वायपर हे सगळं ती त्या त्या कामातल्या कारखान्यांकडून घेते. आपल्याकडे तर हे कारखाने डोळ्यांसमोर आहेत. गॅब्रिएलचे शॉकअप नाशिकला आणि चाकणला बनतात. नाशिकमध्ये ज्या चौकाला लोक आजही मायको सर्कल म्हणतात, ती मायको म्हणजेच आजची बॉश. नाव २००८ मध्ये बदललं. असे कारखाने गाडी कंपनीला माल देतात, आणि त्यांतले बरेचसे तसाच माल स्वतःच्या नावाच्या डब्यातही विकतात.

त्यामुळे दुकानाच्या फळीवर निदान पाच तऱ्हेचा माल असतो. गाडी कंपनीच्या डब्यातला एक, त्याला जेन्युइन म्हणतात. तो ज्याने बनवला, त्याच्याच डब्यातला दुसरा. दुकानदार त्याला ओईएम म्हणतो. तिसरा दुसऱ्या नावाजलेल्या कंपनीचा: ती तुमच्या गाडीला पुरवठा करत नसेल, पण तिला नाव आहे, पत्ता आहे, तक्रार घेऊन जायला जागा आहे. चौथा लोकल, ज्याच्या डब्यावर बनवणाऱ्याचा धड पत्ताही नसतो. आणि पाचवा खरा डुप्लिकेट, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने छापलेल्या डब्यातला खोटा माल.

मिस्त्री म्हणतात ‘माल तोच, डबा वेगळा’, ते दुसऱ्या प्रकाराला बरंचसं लागू पडतं. बरंचसं अशासाठी की काही कंपन्या बाजारासाठी थोडी हलकी मालिकाही काढतात. पण चौथ्या प्रकाराला हेच वाक्य लावलं तर ते साफ खोटं ठरतं. १७,५०० मध्ये त्यांनी कुठला प्रकार धरलाय हे त्यांनी सांगितलेलं नाही, आणि पत्रावरून दिसतं की तुम्हीही विचारलेलं नाही. मिस्त्रींना कागद-पेन घेऊन बसवा आणि प्रत्येक पार्टापुढे कंपनीचं नाव लिहून मागा. ‘चांगल्या कंपनीचा आहे’ हे नाव होत नाही. जो मिस्त्री नावं लिहून देतो त्याच्याकडे काम करून घ्यायला हरकत नाही. जो ‘तुमचा विश्वास नाही का’ म्हणून रागावतो, त्याच्याकडे निदान ब्रेकचं काम देऊ नका.

दिरांना एक गोष्ट मात्र जरूर सांगा. खोटा माल तयार करणारा माणूस अनोळखी कंपनीची नक्कल करत नाही. जी नावं लोक डोळे झाकून घेतात त्यांचीच करतो. म्हणजे डुप्लिकेट सर्वांत जास्त कुठे सापडणार, तर ‘ओरिजिनल’ लिहिलेल्या डब्यात. नुसतं ‘ओरिजिनलच पाहिजे’ असं म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतलं तर संरक्षण मिळत नाही. संरक्षण मिळतं ते कुठून घेतलं आणि पक्कं बिल आहे का यातून. डब्यावर पार्ट नंबर, एमआरपी, बनवल्याचा महिना-वर्ष, बनवणाऱ्याचा पत्ता हे सगळं असायला हवं. तुमच्या गाडीच्या कंपनीच्या वेबसाइटवर जेन्युइन पार्टची किंमत नंबरासकट बघता येते. तिथे जो पार्ट १,९०० ला दिसतो, तोच कुणी ‘ओरिजिनल, ताई, तुमच्यासाठी ९००’ म्हणून देत असेल, तर त्याने तो आणला कुठून हे विचारायच्या फंदातही पडू नका.

आता पार्टनिहाय बोलू. मी स्वतःला प्रत्येक वेळी एकच गोष्ट विचारतो: हा पार्ट चालू गाडीत गेला तर काय होईल? गैरसोय होईल की अपघात?

पहिला नंबर लोअर आर्मचा, कारण तुमची डावीकडची खडखड बहुधा तिथली आहे. बहुधाच म्हणतो. शॉकअपचं वरचं माउंटिंग, एखादा सैल बोल्ट, यांचाही आवाज तसाच येतो. मिस्त्रींना गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवायला सांगा, मग डावी-उजवीकडे. वर-खाली ढिलं लागलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, आडवं ढिलं लागलं तर स्टिअरिंगचा टाय रॉड एंड. पाच मिनिटांचं काम आहे, तुमच्यासमोर करायला लावा. लोअर आर्म म्हणजे चाकाला बॉडीशी जोडून ठेवणारा हात. त्याच्या एका टोकाला रबरी बुश, दुसऱ्या टोकाला बॉल जॉइंट. बुश फाटला तर आवाज येतो, टायर एका बाजूने खातो. बॉल जॉइंट निखळला तर चाक जागेवरच वाकडं होतं, गाडी त्या कोपऱ्यावर बसते आणि स्टिअरिंग हातात असून उपयोग नसतो.

याबाबतीत मी पोळलोय. काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या गाडीला मी लोकल लोअर आर्म बसवले. निम्म्या किमतीत जोडी मिळाली, वर माझंच जुनं दुकान, म्हणजे ओळखीची खात्री. चार हजार किलोमीटरही झाले नसतील, आवाज परत सुरू. काढून हातात घेतला तर बुशचं रबर कडेने सुटून आलं होतं. अंगठ्याने दाबलं की रबर आणि लोखंडी कडी यांच्यामध्ये नख आत जायचं. नवीन असताना तो आर्म कंपनीच्या आर्मशेजारी ठेवला असता तर काळा रंग, आकार, भोकं सगळं सारखं दिसलं असतं. फरक रबरात आणि ते लोखंडाला कसं जोडलंय त्यात होता, आणि तो बाहेरून दिसत नाही. दुसऱ्यांदा आर्म घेतले, दुसऱ्यांदा लेबर दिली, दुसऱ्यांदा व्हील अलाइनमेंट केली. वाचवलेले पैसे गेलेच, वर तेवढेच आणखी गेले. आणि ते चार हजार किलोमीटर माझे आई-वडील मागच्या सीटवर बसून फिरले होते, याचा विचार अजूनही येतो. तेव्हा लोअर आर्म जेन्युइनच टाका. एकच बाजू गेली असेल तरी दुसरीही तेवढीच चाललेली आहे. परवडत असेल तर जोडी बदला.

ब्रेक पॅड. इथे जेन्युइन किंवा नावाजलेल्या ब्रेक कंपनीचे, दोन्ही चालतील. लोकल अजिबात नको. नावाजलेल्या कंपनीच्या पॅडच्या कडेला किंवा पाठीवर बहुतेक वेळा एक कोड छापलेला असतो आणि त्यात दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर थंड पॅडची पकड सांगतं, दुसरं तापलेल्या पॅडची. ‘एफ’ म्हणजे घर्षणांक (पकडीचं माप) ०.३५ ते ०.४५, ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा उतरलेलं असेल तर तो पॅड तापल्यावर पकड सोडतो. कराडातल्या कराडात हे कधी कळणारही नाही. कुंभार्ली उतरताना पाच-सात वळणांनंतर कळेल. शिवाय आपल्याकडे एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती एप्रिल २०१९ पासून. तुमच्या २०१४ च्या गाडीत ती नसण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे ओल्या रस्त्यावर चाक लॉक झालं तर सावरणारं दुसरं काही नाही. मागच्या चाकांत पॅडऐवजी ब्रेक शू असतात, त्यांनाही हाच नियम.

आणि एक गोष्ट मिस्त्रींच्या हिशोबात धरली आहे की नाही ते बघा: ब्रेक ऑइल. पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख केलेला नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि पाणी मिसळलं की कमी तापमानाला उकळतं. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्यावर ते उकळलं, की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. पॅड कितीही भारी असले तरी तेव्हा कामाला येत नाहीत. दर दोन वर्षांनी बदलायची ही वस्तू. लेबरसकट हजाराच्या आसपास काम होतं. कुठलं ऑइल घालायचं ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. ‘ओरिजिनल की बाजारातला’ यावर घरोघरी वाद होतात, पण हे काळं पडलेलं ऑइल कुणी उघडूनही बघत नाही.

शॉकअप गळत असतील तरच बदला. शॉकअपच्या अंगावर तेल ओघळून धूळ चिकटलेली दिसली तर गळतोय. कोरडा असेल तर नुसत्या ‘८८ हजार झालेत’ या कारणाने ५,२०० घालवू नका. बदलायचेच झाले तर ओईएमचे बिनधास्त टाका, मात्र जोडीने.

क्लचचा मला संशय येतोय. गाडी ओढत नाही, क्लच जळाल्याचा वास येतो, अशी कुठलीही तक्रार पत्रात नाही आणि तरी एस्टिमेटमध्ये क्लच सेट आहे. एक साधी परीक्षा आहे: सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक पक्का ओढा, तिसरा गिअर टाका, थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच धरतोय. बंद न पडता इंजिन नुसतं घोंघावत राहिलं तर क्लच गेला. मिस्त्रींनाच करायला सांगा, पण एकदाच. पुन्हा पुन्हा करून चांगला क्लच जळायचा. धरत असेल तर ते ५,६०० तूर्त बाजूला ठेवा.

हेडलाइट दिव्यांच्या नावाजलेल्या कंपनीचा घ्या. लोकल दिव्याची काच पहिल्याच पावसाळ्यात आतून धुरकटते आणि प्रकाश रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत पसरतो. रात्री घाटातून यायचं असेल तर हे महत्त्वाचं आहे.

बंपरसाठी मात्र मनाला लावून घेऊ नका. फाटलेला बंपर गरम करून सांधून देणारे लोक असतात, पाठीमागून जाळी लावून पक्कं करतात. नाहीतर जुन्या बाजारात तुमच्याच रंगाचा मिळू शकतो. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर असा माल दिवसभर विकला जातो, कराड-सांगलीतही स्क्रॅपवाले आहेत. आरसे, दरवाज्याचे हँडल, व्हीलकॅप, बंपर हे जुने घ्यायला काहीच हरकत नाही. ब्रेक, स्टिअरिंगचं काही, सीटबेल्ट, एअरबॅग यातलं मात्र जुनं कधीच नाही, कितीही स्वस्त मिळालं तरी.

विम्याचा विचार मनात आला असेल तर तोही सांगून टाकतो. गाडी दहा वर्षांवरची असल्यामुळे लोखंडी भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, प्लास्टिकवर तर कुठल्याही वयात ५० टक्के. वरून हजार रुपये तुमच्या खिशातले, आणि पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस जातो. पाच-सहा हजारांच्या बंपर-हेडलाइटसाठी क्लेम करू नका.

आता ३८,४०० चा तो कागद पुन्हा हातात घ्या. तुम्ही त्याचा फोटो पाठवलात म्हणून बरं झालं. त्यात पार्ट २३,९०० चे आहेत, लेबर ८,२००. उरलेले ६,३०० कशाचे? थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, इंजिन फ्लश, अंडरबॉडी कोटिंग, इंटिरिअर क्लीनिंग. यातली एकही गोष्ट तुमच्या खडखडीशी किंवा ब्रेकशी संबंधित नाही. कुठल्याही सर्व्हिस सेंटरला ‘हे कशासाठी? काढा’ असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. एस्टिमेट म्हणजे त्यांचा प्रस्ताव. तुम्ही सही करेपर्यंत तो नुसता कागदच आहे.

म्हणजे ज्या दोन आकड्यांमध्ये तुम्ही अडकलात, त्या दोघांचं काम मुळात एक नाही. एकात नको ते धरलंय, दुसऱ्यात काय धरलंय तेच माहीत नाही. आणि मधली वाट दोघांनीही दाखवली नाही: पार्ट गाडी कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून पक्क्या बिलावर स्वतः आणायचे आणि बसवायचे तुमच्या मिस्त्रींकडून. वितरक काउंटरवर कुणालाही पार्ट देतो. आरसी बुक आणि चॅसिस नंबर घेऊन जा, नंबरावरून तुमच्याच गाडीचा पार्ट काढून देतील. मिस्त्रींना आधी मोकळेपणाने सांगा की पार्ट मी आणणार, तुमची लेबर वेगळी पूर्ण देणार. पार्टांतली त्यांची चार पैशांची कमाई जाते, म्हणून लेबर थोडी वाढवून मागतील, ती द्या. तुमच्याच एस्टिमेटच्या दराने पॅड, शू आणि लोअर आर्मची जोडी मिळून ७,८०० होतात. ब्रेक ऑइल, लेबर, अलाइनमेंट धरून साधारण अकरा-बारा हजारांत ज्या कामावर जीव अवलंबून आहे ते सगळं कंपनीच्या पार्टांनी होतं. हेडलाइट पगारानंतर, बंपर दिवाळीनंतर. सगळं एका दिवशीच करायचं, हेही तुम्ही मनानेच गृहीत धरलंय.

‘बिल नको असेल तर कमी करतो’ असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्या सुट्या भागांवर जीएसटी सरसकट १८ टक्के आहे, आधी बऱ्याच भागांवर २८ होता. त्यामुळे बिनबिलाच्या मालात वाचणारा पैसाही पूर्वीपेक्षा कमी झालाय. पार्ट महिन्याभरात गेला तर बदलून मागायला हातात कागद लागतो. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथेही तो कागदच विचारतील.

हे उत्तर नवीन गाडीवाले वाचकही वाचतील, त्यांच्यासाठी थोडं. वॉरंटी चालू असताना बाहेरचा पार्ट लावला की सगळी वॉरंटी गेली, असं सरसकट सांगितलं जातं. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ गाडी कंपन्यांना २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचू न दिल्याबद्दल. त्याच आदेशात म्हटलं होतं की बाहेर काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. त्यावर पुढे अपिलं झाली, कज्जे चालले. तेव्हा माझा सल्ला व्यवहाराचा आहे: वॉरंटीच्या काळात इंजिन, गिअरबॉक्स आणि वायरिंगला बाहेरचा हात लावू देऊ नका. वायपर, बॅटरी, टायर यांसाठी घाबरू नका.

ताई, तुमच्या पत्रात आणखी एक वाक्य होतं, वर थोडक्यात देताना मी ते गाळलं. दीर म्हणाले, ‘गॅरेजमध्ये बाईमाणसाला बघून हमखास चुना लावतात.’ असं घडतं, मी काउंटरवरून बघितलंय. पण पुरुषांनाही तितकंच फसवलेलं बघितलंय, आणि ते का फसायचे माहीत आहे? ‘मला माहीत नाही, दाखवा’ म्हणायला त्यांना लाज वाटायची. तुम्ही शिक्षिका आहात. समजलं नाही तर पुन्हा विचार, हे रोज मुलांना सांगता. काढलेला प्रत्येक जुना पार्ट दाखवायला सांगा, नव्या पार्टाचे रिकामे डबे मागा, आणि दोन्ही डिकीत टाकून घरी आणा. पार्ट बदललाच नाही आणि पैसे घेतले, हा प्रकार त्यामुळे जागीच थांबतो. दिरांनाही त्या दिवशी सोबत बोलवा. झिजलेला पॅड आणि नवा पॅड शेजारी शेजारी हातात आले की त्यांचीही काळजी निम्मी होईल. ती काळजी खरी आहे, भाऊ परदेशात असताना वहिनी-पुतणीची जबाबदारी त्यांना वाटते, एवढाच त्याचा अर्थ घ्या.

आणि ‘स्वतःला माफ करू शकणार नाही’ हे मनातून काढा. पैसे मोजून खर्च करणं म्हणजे मुलीच्या जिवाची किंमत कमी करणं नव्हे. ३८ हजार भरून कोटिंग आणि फ्लश करून घेतलं आणि ब्रेक ऑइल जुनंच राहिलं, तर गाडी महाग झाली, सुरक्षित झाली नाही. गाडीची नोंदणी २०२९ पर्यंत आहे, म्हणजे अजून तीनेक वर्षं ती तुमच्याकडे राहील. तेवढ्या काळासाठी चाक आणि ब्रेक यांवर हात आखडू नका, दिसण्यावर आखडा.

शेवटी तारखेचं बघा. नवे पॅड बसवल्या दिवशी पूर्ण पकड देत नाहीत. डिस्कवर नीट बसायला त्यांना दोनेकशे किलोमीटर लागतात, आणि तेवढ्या काळात करकचून ब्रेक मारायचा नसतो. म्हणून काम गणपतीच्या आदल्या दिवशी करू नका, निदान पंधरा दिवस आधी करा. मधल्या एका रविवारी मुलीला घेऊन पाटणपर्यंत जाऊन या. सपाट रस्त्यावर ब्रेक हळूहळू दाबून बघा, पेडल कडक लागतंय ना, गाडी एका बाजूला ओढत नाही ना, स्पीडब्रेकरवर ती खडखड येतेय का. काही खटकलं तर सोमवारी मिस्त्रींकडे. सगळं ठीक वाटलं तर चिपळूणची बॅग भरा, आणि कुंभार्ली उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा.